मंगळावरचं वादळ किती दाखवायचं?

तांबडमाती

नमस्कार मंडळी,

एका विज्ञानपटाची पटकथा लिहितो आहे, साधारण अर्ध्या तासाची. गोष्ट मंगळावरच्या एका छोट्या तळावर घडते. इरा आणि नील ही भावंडं तिथे कामाला आहेत. ती तळावरची वीज आणि हवा सांभाळते, तो रोव्हर घेऊन जमिनीखालच्या बर्फाचे साठे शोधत फिरतो. पृथ्वीवर परतणाऱ्या यानात एकच जागा शिल्लक आहे. नीलने ती परस्पर इराच्या नावावर करून टाकली आहे आणि तिला पत्ता लागू दिलेला नाही. तो बाहेर असताना धुळीचं वादळ येतं.

सध्याच्या खर्ड्यात या वादळाची पाच पानं आहेत. अँटेनाचा मनोरा कोसळतो, पत्रे उडतात, रोव्हर उलटतो, इरा कमरेला दोर बांधून बाहेर पडते. ज्यांना वाचायला दिलं त्या सगळ्यांना वादळ आवडलं. "पडद्यावर काय दिसेल हे!" असंच जो तो म्हणतो. नीलने जागा सोडल्याचं इराला कळतं तो प्रसंग वादळ ओसरल्यावर येतो. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एकाला तर असा प्रसंग होता हेच आठवेना.

मला हे खटकतंय, कारण ही गोष्ट लिहायला घेतली तीच त्या प्रसंगासाठी. वादळ काढून टाकलं तर दोन माणसं वायरलेसवर बोलताहेत एवढंच उरतं, आणि मग त्यांना मंगळावर न्यायचं कशाला? ठेवलं तर ते बाकीचं सगळं गिळून टाकतं. दृश्यांचा थाट आणि गोष्ट यांचा तोल तुम्ही कसा ठरवता? वादळ किती मिनिटं पुरे, याचा काही अंदाज असतो का? इथे या क्षेत्रात काम करणारे लोक आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतोय.

रोटोताई

तांबडमाती, आधी मिनिटांचा हिशोब बाजूला ठेवा. 'ज्युरासिक पार्क' (१९९३) दोन तासांहून थोडा मोठा आहे. त्यात डायनोसॉर पडद्यावर असतात ते सुमारे पंधरा मिनिटं, आणि त्यातला संगणकावर बनवलेला भाग जेमतेम सहाएक मिनिटांचा. बाकीची स्टॅन विन्स्टनच्या चमूने बांधलेली यांत्रिक जनावरं. आकडा छोटा आहे म्हणून तो चित्रपट चांगला झाला असं मात्र मी म्हणणार नाही. पहिला मोठा डायनोसॉर कसा दाखवलाय ते परत बघा. जीप थांबते. ग्रँट वर बघतो, उभा राहतो, टोपी काढतो, गॉगल काढतो. शेजारी एली हातातल्या पानात गुंग आहे. तो हाताने तिचं डोकं धरून वळवतो. आयुष्यभर हाडं उकरत आलेल्या दोन माणसांचे चेहरे आपण आधी बघतो आणि मग ते जनावर. तोपर्यंत आपल्याला ते बघायची घाई झालेली असते.

मी कंपोझिटिंग करते. वेगवेगळे टिपलेले आणि संगणकावर बनवलेले तुकडे एका चौकटीत बसवायचे, सगळं एकाच कॅमेऱ्याने एकाच क्षणी टिपलंय असं वाटेपर्यंत. या कामात एक शॉट आला होता तो मी विसरत नाही. अंतराळवीर खिडकीशी उभा आहे आणि बाहेरून महाकाय यान येतंय. चित्रीकरणाच्या वेळी यान केवढं असेल, कुठून येईल हे ठरलेलंच नव्हतं, "पोस्टमध्ये (चित्रीकरणानंतरच्या कामात) बघू" म्हणून पुढे ढकललेलं. नटाला हिरव्या पडद्यावरची एक खूण दाखवून तिकडे बघायला सांगितलं होतं. पुढे यान वाढत गेलं आणि वरच्या कोपऱ्यातून यायला लागलं. नटाची नजर खालीच राहिली, आणि चेहऱ्यावर कुठल्याही गोष्टीला चालेल असं आश्चर्य. आम्ही यानावर दिवे वाढवले, वाफ वाढवली, काचेत प्रतिबिंब टाकलं. कडा स्वच्छ, रंग जुळलेले, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि बघताना काही म्हणजे काही होत नव्हतं, कारण तो माणूस त्या यानाकडे बघतच नव्हता.

तेव्हापासून कुठलीही पटकथा हातात आली की इफेक्टच्या प्रत्येक शॉटपाशी मी तेच विचारते. हे कोण बघतंय? कुठून बघतंय? आणि बघून झाल्यावर, मघापर्यंत जे करता येत होतं त्यातलं काय आता करता येणार नाही? तुमच्या पाच पानांना हेच विचारा. मनोरा पडतो तेव्हा इरा कुठे आहे? तिला तो दिसतो का? तो पडल्याने तिचं काय अडतं? पत्रे कोण बघतंय? मला वाटतं पत्रे फक्त प्रेक्षक बघतोय, आणि त्याने असे पत्रे पुष्कळ पाहिले आहेत.

'इंटरस्टेलर' (२०१४) मधली ती डोंगराएवढी लाट घ्या. त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे लाट येण्याआधीच सांगून ठेवलंय. त्यामुळे लाट बघताना आपण पाणी कमी आणि घड्याळ जास्त बघतो. आणि त्या लाटेची खरी किंमत पुढच्या प्रसंगात चुकती होते: एक बाप छोट्या पडद्यासमोर बसून साठलेले तेवीस वर्षांचे निरोप बघतो, मुलं त्याच्या डोळ्यांदेखत मोठी होतात. त्या प्रसंगात इफेक्ट म्हणावं असं काही नाही. पण लाट नसती तर तो प्रसंग उभाच राहिला नसता, आणि तो प्रसंग नसता तर लाट लक्षात राहिली नसती. तुमचं वादळ आणि तुमचा तो विसरला गेलेला प्रसंग यांच्यात आज असा धागाच नाही. वादळ येतं, संपतं, मग कळतं. वादळ आलंच नसतं तरी तिला ते कळलं असतं की नाही?

आता मंगळाकडे येते, कारण मला वाटतं तुमची अडचण तिथेच सुटेल. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथल्या मोठ्या वादळातले वारे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचतात, पण हवाच इतकी विरळ की त्यांचा जोर आपल्याकडच्या ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वाऱ्याएवढा. त्याने मनोरे पडत नाहीत, रोव्हर उलटत नाहीत. मंगळाचं वादळ मारतं ते उजेड बंद करून. ऑपॉर्च्युनिटी रोव्हर २००४ मध्ये तिथे उतरला होता, नव्वद मंगळ-दिवसांच्या मोहिमेसाठी, आणि चौदा वर्षं चालला. २०१८ च्या वादळाने सगळा ग्रह धुळीने झाकला, सौरपट्ट्यांना ऊन मिळेना, आणि १० जूनला त्याचा शेवटचा संदेश आला. २०१९ च्या फेब्रुवारीत नासाने मोहीम संपल्याचं जाहीर केलं. त्याच्यावर काही कोसळलं नव्हतं. त्याची वीज संपली.

हे तुमच्या गोष्टीत घालून बघा. तळ उन्हावर चालतो, रोव्हर उन्हावर चालतो, आणि वीज सांभाळणारी इरा आहे. खिडकी दिवसेंदिवस काळी होत जाते. नील दूर अडकलाय. त्याच्याशी बोलायचं तर वायरलेसला वीज लागते आणि तीच वीज हीटरला हवी. आता दोन माणसं नुसती बोलत बसलेली नाहीत. त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे तळाचं तापमान उतरतंय. असं बोलणं दुसरीकडे कुठे घडवाल? आणि यातलं बहुतेक सगळं खिडकी आणि एक आकडा एवढ्यावर दाखवता येतं. पाच पानांच्या पडझडीपेक्षा खर्च कितीतरी कमी, पण मी खर्चासाठी सांगत नाहीये. पैसा कितीही असता तरी हेच सांगितलं असतं.

प्रकाशवर्ष

रोटोताईंचा प्रतिसाद आवडला, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. "कोण बघतंय" हा प्रश्न प्रत्येक शॉटला लावला तर विज्ञानपटातली फार मोठी गोष्ट हातची जाईल. माणूस चेहरे बघायला कुठल्याही चित्रपटाला जाऊ शकतो. विज्ञानपटाला जातो तो एरवी कधीच दिसणार नाही ते बघायला. फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसने १९०२ मध्ये चंद्रावरची सफर दाखवली तेव्हापासून हे चालत आलंय आणि त्यात कमीपणा काही नाही.

'२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मध्ये यान फिरत्या अंतराळस्थानकापाशी जातं, सावकाश, वॉल्ट्झच्या तालावर. कोण बघतंय? यानातला प्रवासी झोपलाय! त्याचं पेन हातातून सुटून तरंगतंय आणि तेही तो बघत नाहीये. परिचारिका येते, पेन धरते, त्याच्या खिशात ठेवते. कुणाची नजर नाही, कुणाची कोंडी नाही, कुणाला काही गमवावं लागत नाही. तरी पन्नासहून अधिक वर्षं लोक तो प्रसंग बघताहेत. चंद्रावर माणूस उतरायच्या आदल्या वर्षीचा चित्रपट आहे हा.

'इंटरस्टेलर'मधलं कृष्णविवरही तसंच. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणं दिली, त्यावरून नवं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं, एकेक चौकट तयार व्हायला काही वेळा शंभर तासांपर्यंत लागले, आणि त्या कामातून पुढे शोधनिबंध निघाले. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीचा मागचा भाग गुरुत्वाकर्षणाने वाकून वर आणि खाली दिसतो हे मला पुस्तकात वाचून समजत नव्हतं, ते त्या चित्राने समजलं. मला ती गोष्टच वाटते. विश्व कसं आहे याची गोष्ट.

तांबडमाती, वादळ खरं करा, त्याला माझी हरकत नाही. पण तुमच्या वाचकांना "काय दिसेल हे" असं वाटलं यात काहीतरी खरं आहे. सगळं खिडकीआड ढकलून टाकू नका. मंगळ गाठल्यावर मंगळ न दाखवणं हाही प्रेक्षकावर अन्याय आहे.

रोटोताई

प्रकाशवर्ष, पेनाचं उदाहरण तुम्ही दिलंत याचा आनंद झाला, कारण माझा तो सगळ्यात आवडता इफेक्ट आहे. पेन एका काचेच्या तावाला चिकटवलेलं आहे, ताव कॅमेऱ्यासमोर हळू फिरवलाय, आणि परिचारिका ते अलगद काचेवरून सोडवून घेते. बस. पण प्रवासी झोपलेला आहे हे कुणीतरी ठरवलेलं आहे ना? या जगातल्या माणसांना अंतराळप्रवासात झोप लागते, इतकं ते अंगवळणी पडलंय, हे त्या झोपेमुळे एका शब्दाशिवाय कळतं. माझ्या त्या शॉटमधल्या माणसाची नजर कुठे आहे हे कुणी ठरवलंच नव्हतं. फरक मला तिथे दिसतो. त्याच चित्रपटाच्या शेवटी रंगांचा तो बोगदा येतो, डग्लस ट्रम्बुलने स्लिट-स्कॅनने, म्हणजे अरुंद फटीतून चित्र थोडंथोडं टिपून, केलेला. तिथे दिग्दर्शक क्युब्रिक पुन्हा पुन्हा अंतराळवीराच्या डोळ्यावर येतो. एवढ्या अमूर्त गोष्टीतही त्याला डोळा लागला.

तरी तुमचं म्हणणं मी मान्य करते. थेट प्रेक्षकासाठी राखलेला एखादा शॉट हवाच. तांबडमाती, तुमच्यासाठी मी मंगळावरचा सूर्यास्त सुचवेन. तिथली बारीक धूळ निळा प्रकाश सूर्याच्या दिशेने पुढे सोडते, त्यामुळे मावळत्या सूर्याभोवती निळसर उजेड दिसतो आणि बाकी आकाश मातकट. वादळाच्या आदल्या संध्याकाळी तो घ्या, तळ छोटासा, कुणीही माणूस दिसत नाही, आणि घाई न करता. इराच्या खात्यात त्या दिवशी भरलेली वीज ही पुढच्या सगळ्या गोष्टीची शिदोरी आहे, हे प्रेक्षकाला मागाहून कळेल.

कानसेन

सगळे डोळ्यांबद्दलच बोलताहेत म्हणून आवाजवाल्यांच्या बाजूने लिहितो. मी ध्वनिसंकलन करतो.

वर 'ज्युरासिक पार्क'चा विषय निघालाच आहे. टी-रेक्स येतो त्याआधी ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात. गाडीच्या आतून खाली गिटारची तार ताणून ती छेडली होती, म्हणून ती वर्तुळं तशी नेटकी आली. त्या हल्ल्याच्या प्रसंगात पार्श्वसंगीत नाही. पाऊस, काच, पत्रा, श्वास आणि ते ओरडणं, ज्यात हत्तीच्या पिल्लाचा आवाज मिसळलेला आहे. जनावर दिसायच्या आधीच आपण घाबरलेले असतो.

आता तुमचा तळ. बंद तळावर कधीच शांतता नसते. हवा फिरवणारे पंखे, पंप, हीटरचा गुणगुणाट. पहिल्या मिनिटापासून हे सगळं भरून ठेवा, प्रेक्षक ते ऐकणं सोडून देईल इतकं. मग इरा वीज वाचवायला एकेक यंत्र बंद करत जाईल तसतसा एकेक आवाज काढून घ्या. शेवटी फक्त वायरलेसची खरखर आणि तिचा श्वास. वादळाचा घोंघावता आवाज भरायचा मोह होईल, पण तो टाळा. पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मायक्रोफोनने २०२१ पासून मंगळावरचे खरे आवाज टिपले आहेत. विरळ कार्बन डायऑक्साइडमध्ये वरच्या पट्टीचे आवाज लवकर विरतात, त्यामुळे सगळं दबलेलं, भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येतं. बाहेर एवढा ग्रह झाकून टाकणारं वादळ आणि आत जवळजवळ काही ऐकू येत नाही, हे ज्याने ऐकलं तो विसरणार नाही.

नीलच्या आवाजाचंही बघा. बॅटरी उतरेल तसं त्याचं बोलणं तुटू द्या, पण महत्त्वाचं वाक्य स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. ते वाक्य कुठलं, ते तुम्ही आत्ताच ठरवा आणि मिक्सिंगपर्यंत लोंबकळत ठेवू नका.

तांबडमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री याच विचारात होतो. पत्रे गेले, मनोरा गेला, दोरही गेला.

आता असं जमतंय: वीज वाचवायची म्हणून पृथ्वीकडे जाणाऱ्या संदेशांची रांग इराला छाटावी लागते. कुठला संदेश ठेवायचा, कुठला पुसायचा हे ठरवायला एकेक उघडून बघताना तिला नीलचा संदेश सापडतो: परतीच्या जागेवर तिचं नाव पक्कं केल्याचा. तो अजून गेलेला नाही. तिने पुसला तर जागा नीलच्या नावावर राहते, पण तो रोव्हरमध्ये थंडीने मेला तर दोघांपैकी कुणीच जाणार नाही. पाठवला तर तेवढी वीज गेली, आणि त्याच्याशी शेवटचं बोलणं आखडतं घ्यावं लागणार. म्हणजे तिला कळतं तेच वादळामुळे, आणि कळल्यावर काय करायचं तेही वादळच ठरवतं. प्रकाशवर्ष, निळा सूर्यास्त घेतोय आणि लांबवतोय. कानसेन, आवाजांची यादी करायला बसलोय. नीलचं ते वाक्य माझ्याकडे आहे. "मला इथे आवडतं, तुला नाही आवडत, एवढंच." ते पूर्ण ऐकू येईल.

एक कामाचा प्रश्न उरतो. खिडकीबाहेरची काळोखी कशी करायची? बाहेर हिरवा पडदा लावून नंतर सगळं भरू, असं आमचा कॅमेरामन म्हणतो. आणि दूरवर नीलच्या रोव्हरचा दिवा दिसतो, तोही तसाच टाकायचा का?

रोटोताई

संदेशांची रांग फारच छान. तिथेच तुमचा चित्रपट आहे.

खिडकीसाठी हिरवा पडदा नको. त्याची हिरवी झाक इराच्या गालावर आणि धातूच्या कडांवर येईल, ती काढताना कातडीचा रंग मरेल, आणि मुळात तुम्हाला बाहेर दाखवायचंय काय? रंग आणि उजेड. खिडकीपासून थोडं लांब पांढरं पातळ कापड ताणा, त्याच्या मागे मातकट फिल्टर लावलेले दिवे, डिमरवर (उजेड कमीजास्त करायचं बटण). दिवसागणिक उजेड उतरवा. इराच्या चेहऱ्यावर पडणारा प्रकाश आपोआप खरा असेल आणि तिलाही तो प्रत्यक्ष दिसेल. 'इंटरस्टेलर'मध्येही यानाच्या खिडक्यांबाहेर मोठे पडदे लावून त्यावर चित्रं टाकली होती, म्हणजे नटांना बघायला काहीतरी असावं. तुम्हाला तर चित्रही नको.

सूर्यास्त आणि रोव्हरचा दूरचा शॉट एवढेच माझ्यासारखीकडे द्या. त्यांच्यासाठी लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि कोन लिहून ठेवा. माणसं बाजूला करून रिकामी प्लेट, म्हणजे नुसत्या जागेचा शॉट, घ्या, आणि प्रकाश टिपायला करडा आणि चकचकीत गोळा चौकटीत धरून काही सेकंद चालू द्या. याला पाच मिनिटं लागतात आणि नंतरचे कित्येक दिवस वाचतात.

रोव्हरचा दिवा मात्र खराच ठेवा. छोटा बल्ब, कापडाच्या अलीकडे, इराच्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा किंचित खाली, कारण नील उतारावर अडकलाय. कॅमेऱ्यात तो खोटा वाटला तर मी तो पुसून नवा टाकीन, पण ती त्याच्याकडेच बघत असेल. आणि तो कधी विझणार हे चित्रीकरणाआधी तिला सांगू नका, डिमर हातात असलेल्या माणसाला सांगा.